आरोग्यविचारणा : रिपोर्ट नॉर्मल, तरीही पोट दुखतेच

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांची असून नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी एका लग्नाच्या जेवणानंतर आमच्या घरातील तिघांना जुलाब-उलट्या झाल्या. बाकीचे दोघे चार दिवसांत बरे झाले. माझे पोट मात्र तेव्हा बिघडले ते बिघडलेच. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने बेंबीखाली मुरडा येतो, संध्याकाळपर्यंत पोट इतके गच्च होते की साडीच्या निऱ्या सैल कराव्या लागतात, आणि शौचास जाऊन आले की थोडे हलके वाटते. कधी दोन दोन दिवस पोट साफ होत नाही, तर कधी शाळेला निघण्यापूर्वी तीन वेळा जावे लागते. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या व शौचाच्या तपासण्या झाल्या, वरून आणि खालून दुर्बीणही घालून झाली. सगळे नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात, ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.’ सासूबाईंच्या मते बेंबी सरकली आहे आणि ती दोनदा बसवूनही झाली. मी आधी दूध सोडले, मग गहू, मग डाळी. एका प्रयोगशाळेने रक्त तपासून मला न सोसणाऱ्या चाळीसेक पदार्थांची यादी दिली, तेही बंद केले. गव्हाच्या सीलिअ‍ॅक आजाराची तपासणी नंतर केली, ती निगेटिव्ह आली. सध्या मऊ भात, दुधी आणि उकडलेला बटाटा यांवर आहे. वजन पाच किलोंनी उतरले. आता आणखी काय सोडू?

उत्तर : आता काहीही सोडू नका. उलट सोडलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टी तुमच्या ताटात परत याव्यात यासाठीच हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम ‘काही झालेले नाही’ या वाक्याविषयी. सोनोग्राफी आणि दुर्बीण यांतून पोटातील अवयवांची रचना दिसते: कुठे व्रण आहे का, गाठ आहे का, खडा आहे का, सूज आहे का. आतडे कसे हालते आणि त्याच्या संवेदना मेंदूपर्यंत किती तीव्रतेने पोहोचतात, हे या तपासण्यांत दिसत नाही. तुमचे दुखणे बहुधा या दुसऱ्या प्रकारचे आहे. सहा महिन्यांपेक्षा जुना त्रास, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी व त्याचे स्वरूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध, असे चित्र असेल तर त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील आयबीएस, असे म्हणतात. जगभर वापरले जाणारे हे निकष ‘रोम निकष’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. तुमच्या पत्रातील वर्णन त्यांच्याशी चांगलेच जुळते.

हे दुखणे मनाचे खेळ नव्हेत, हे १९७३ सालीच एका साध्या प्रयोगाने दाखवले गेले होते. रिची नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवला. ज्यांना हा विकार होता त्यांना इतरांपेक्षा कितीतरी कमी हवेतच दुखू लागले. आतडे तेच, हवा तेवढीच, पण एकाला नुसते भरल्यासारखे वाटते आणि दुसऱ्याला कळ येते. तुमच्या त्रासाची सुरुवात जुलाब-उलट्यांनी झाली, हीही ओळखीची गोष्ट आहे. कॅनडातील वॉकर्टन या गावी मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू शिरून दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. त्या गावकऱ्यांची पुढे वर्षानुवर्षे पाहणी झाली, तेव्हा ज्यांना त्या वेळी जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण न आजारलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. जंतू निघून जातात, पण आतड्याचा हळवेपणा मागे राहतो, आणि घरातील तिघांपैकी एकाच्याच वाट्याला तो का येतो याचे उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही.

असे असले तरी आहाराकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी मिटवून घ्याव्या लागतील. तुमचे वजन पाच किलोंनी उतरले आहे. दुधी आणि मऊ भातावर राहणाऱ्या माणसाचे वजन उतरणारच, असे म्हणून ते सोडून देता येणार नाही. हिमोग्लोबिन पुन्हा तपासा, आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी झाली नसेल तर ती करता येईल का हे डॉक्टरांना विचारा. आतड्याला खरी सूज आहे की नाही याचा अंदाज तिच्यावरून येतो. आपल्याकडे आतड्याचा क्षय विसरून चालत नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, झोपेतून उठवणारी कळ, शौचातून रक्त, सतत उलट्या, यांपैकी काही असेल तर आयबीएसचे निदान बाजूला ठेवून तपास नव्याने सुरू करावा लागतो. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तेही आपणहून सांगा. आणि दुखणे पाळीच्या सुमारास वाढत असेल तर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, कारण एंडोमेट्रिओसिस या आजारात, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तेव्हा, सोनोग्राफी पुष्कळदा नॉर्मल येते.

सीलिअ‍ॅकच्या तपासणीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. गहू सोडल्यानंतर केलेली ही तपासणी निगेटिव्ह आली तरी तिचा फारसा उपयोग नसतो. या आजारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर प्रतिद्रव्ये तयार करते. गहू काही महिने पोटात गेलाच नाही तर ती रक्तातून ओसरतात आणि आजार असूनही तपासणी स्वच्छ येते. म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा गहू सुरू करा, रोजच्या दोन्ही जेवणांत तो असू द्या, किमान सहा आठवडे तो खा, आणि मगच रक्त द्या. हे आठवडे सुखाचे जाणार नाहीत, पण त्यानंतर मिळणारे उत्तर भरवशाचे असेल. सीलिअ‍ॅक निघालाच तर गहू, रवा, मैदा, जव हे सारे आयुष्यभर वर्ज्य होईल. बाजारातील बहुतेक हिंगाच्या पुडीत मैदा मिसळलेला असतो, इतक्या बारकाईने मग पाहावे लागेल. सीलिअ‍ॅक नसेल तर गव्हाशी कायमचे वैर धरण्याचे कारण उरणार नाही.

त्या चाळीस पदार्थांच्या यादीविषयी मात्र मला स्पष्टच लिहिले पाहिजे: ती फाडून टाका. अशा याद्या रक्तातील आयजीजी नावाच्या प्रतिद्रव्यांवरून काढतात. आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध ही प्रतिद्रव्ये निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. ती फक्त तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढेच सांगतात. निरनिराळ्या देशांतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी पथ्य ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नये असे सांगितलेले आहे. तरीही ती हजारो रुपयांना विकली जाते आणि तुमच्यासारखी सुशिक्षित माणसे तिच्यापायी अर्धपोटी राहतात, याची चीड येते. बेंबी बसवण्याबद्दल इतकेच, की बेंबी जागची हलत नाही, आणि पोट जोरात दाबून घेणे यापुढे टाळावे. सासूबाईंचे मन मोडायचे नसेल तर त्यांना हिंग-जिऱ्याची फोडणी करायला सांगा.

आता आहार. सीलिअ‍ॅकचा प्रश्न सुटल्यावर फॉडमॅप पद्धत वापरून पाहण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी ती विकसित केली आणि २००५ मध्ये हे नाव प्रथम छापून आले. काही विशिष्ट शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या आतड्यात पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. हा वायू सगळ्यांच्याच पोटात होतो, परंतु हळव्या आतड्याला तो कळ होऊन जाणवतो. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, चवळी, वाटाणा, काजू, खजूर, दूध, सफरचंद, आंबा, कलिंगड, मध आणि फ्लॉवर हे या शर्करांचे आपल्याकडील मुख्य साठे. तांदूळ, ज्वारी, बटाटा, गाजर, काकडी, वांगे, पालक, शेंगदाणे, अंडी, मासे, संत्रे, पपई हे बहुधा सोसतात. म्हणजे भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भात असे पुरते जेवण यात बसते. मऊ भात आणि दुधी यांवर राहायची काही गरज नाही.

आपल्या स्वयंपाकाची खरी अडचण कांदा-लसणाची आहे, कारण कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यापासून बाहेरच्या प्रत्येक रश्श्यापर्यंत ते सगळीकडे असतात. पण आपल्याच घरांतून कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन पुढचे चार महिने कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक करण्याची रीत होती आणि काही घरांत अजून आहे. चातुर्मासाचा तो स्वयंपाक घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकून घ्या. धने, तीळ, खोबरे आणि दगडफूल यांचा गोडा मसाला इथे उत्तम चालतो. लसणाचा स्वाद हवाच असेल तर एक युक्ती आहे. त्रास देणारी ही शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. फोडणीच्या तेलात सोललेल्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता, झाऱ्याने सगळ्या काढून टाका आणि मगच त्या तेलात मोहरी-जिरे घाला. क्रम महत्त्वाचा आहे: टोमॅटो किंवा पाणी पडल्यानंतर पाकळ्या काढल्या तर उपयोग नाही, कारण तोवर जे उतरायचे ते रश्श्यात उतरलेले असते. कडधान्यांनाही हाच नियम लावा. ती रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, शिजवलेले पाणीही फेकून द्या आणि निथळलेले दाणे थोड्या प्रमाणात खा. या हिशेबाने पुरणपोळीच्या जेवणातला सर्वांत घातक पदार्थ कटाची आमटी ठरतो, कारण हरभऱ्याच्या डाळीतून सुटलेले सगळे त्या कटातच असते. डाळींत मुगाची डाळ त्यातल्या त्यात सोसते.

हे सगळे पथ्य चार ते सहा आठवडेच पाळायचे आहे, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. बरे वाटले की माणूस तिथेच थांबतो, वर्षानुवर्षे तेच खातो आणि हळूहळू त्याचे ताट आक्रसते. लागू पडो वा न पडो, सहा आठवड्यांनंतर पदार्थ परत आणायचेच, आणि तेही एका वेळी एकच गट. उदाहरणार्थ, पहिल्या दिवशी पाव कप दूध, दुसऱ्या दिवशी अर्धा कप, तिसऱ्या दिवशी एक कप. बाकी जेवण तेच. नंतर दोन-तीन दिवस विश्रांती आणि मग अर्ध्या पोळीपासून गहू. वहीत तारीख, पदार्थ, दुखण्याची वेळ, शौच, झोप आणि पाळी यांची नोंद ठेवा. दोन महिन्यांच्या सुमारास बहुधा असे दिसेल की सगळे दूध बाधत नाही, फक्त कपभर दूध बाधते आणि दही-ताक चालते. किंवा एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. सहा आठवड्यांत तसूभरही फरक पडला नाही तर तुमचे दुखणे अन्नाच्या या गटाशी निगडित नाही, एवढे समजून नेहमीच्या जेवणाकडे या. तुमचे वजन आधीच उतरलेले असल्याने हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा.

शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसते. शाळेतील स्वच्छतागृहाची अवस्था पाहून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, शौचाची भावना दाबून ठेवतात, सकाळी उपाशी निघून मधल्या सुट्टीपर्यंत चहावर काढतात आणि दुपारी तीन वाजता भरपेट जेवतात. कुठलेही पथ्य या दिनक्रमापुढे टिकणार नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान खाणी करा. पोट साफ होण्यासाठी गव्हाचा कोंडा खाऊ नका, त्याने फुगणे वाढते. त्याऐवजी इसबगोल लहान चमच्याने सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, तळण आणि रताळी यांवर ‘एकादशी दुप्पट खाशी’ करण्यापेक्षा सध्या उपवास सोडलेलाच बरा.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. मुरड्यासाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल किंवा आतड्याचे आकुंचन कमी करणाऱ्या गोळ्या देतात. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखे औषध लिहून दिले आणि ते नैराश्यावरचे असल्याचे कुणी सांगितले, तर घाबरू नका किंवा रागावू नका. अत्यल्प मात्रेत ते आतड्याकडून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर काम करते. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने आयबीएसच्या रुग्णांना आराम पडल्याचे दिसले आहे.

प्रश्न : मी चिपळूणचा, वय एकोणतीस. तीन वर्षांपूर्वी अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. वर्षभरापासून बेंबीच्या उजवीकडे चार बोटांवर एकाच जागी टोचल्यासारखे दुखते. अंथरुणात कूस बदलताना, खोकताना आणि मोटारसायकलला किक मारताना जास्त. सोनोग्राफी व सी. टी. स्कॅन नॉर्मल आहेत. अल्सर असेल म्हणून मासे, तिखट आणि तेलकट सोडले, पित्ताच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत. काडीचा फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नाही, कारण तुमच्या दुखण्याचा जेवणाशी संबंधच दिसत नाही. खाण्याआधी, खाल्ल्यानंतर, शौचानंतर कळेत बदल होतो असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. बदल होतो तो हालचालीने. अशा वेळी दुखणे पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असू शकते.

हे ओळखण्याची एक जुनी पद्धत आहे. कार्नेट या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९२६ मध्ये ती मांडली, आणि यंत्रे आल्यापासून ती मागे पडली. रुग्णाला उताणे झोपवून दुखऱ्या जागेवर बोट टेकवायचे, आणि बोट तसेच ठेवून त्याला हात छातीवर घेऊन डोके व खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतल्या अवयवांना ढाल मिळते. दुखणे आतले असेल तर ते कमी होते, भिंतीतले असेल तर तेवढेच राहते किंवा वाढते. पोटाच्या सरळ स्नायूच्या कडेतून बाहेर येणारी एखादी बारीक नस तिथे आवळली गेली किंवा ऑपरेशनच्या व्रणात सापडली, तर नेमके बोटाने दाखवता येईल असे दुखते. सर्जनकडे जा, ही तपासणी करून घ्या आणि त्या जागी हर्निया नाही ना, हेही पाहायला सांगा. नस आवळल्याचा संशय पक्का झाला तर त्याच ठिकाणी भूल देणारे इंजेक्शन देतात. त्याने काही मिनिटांत कळ थांबली तर निदान आणि उपचाराची सुरुवात दोन्ही एकदमच होतात. काहींना ते पुन्हा द्यावे लागते.

पित्ताच्या गोळ्या कशासाठी चालू आहेत ते डॉक्टरांना विचारून बंद करता येतील का ते पाहा. चिपळूणला राहून माशाचे कालवण सोडण्याची शिक्षा भोगण्याचे तर मला काहीच कारण दिसत नाही.

प्रश्न : माझे वडील त्रेसष्ट वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे. महिनाभरापासून जेवून फिरायला निघाले की छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाला दाटून येते. थोडे थांबले, ढेकर दिला की बरे वाटते. आम्ही ओवा आणि सोडा देतो, रात्रीची डाळ बंद केली आहे. आणखी कोणते पथ्य करावे?

उत्तर : पथ्याचा विचार आत्ता बाजूला ठेवा. हा अंक हातात पडताच वडिलांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. चालताना सुरू होणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दाटणे हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. मधुमेहींमध्ये ते छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागात ‘गॅस’ म्हणून जाणवू शकते, आणि ढेकर आल्यावर बरे वाटले की घरच्यांची खात्रीच पटते. प्रत्यक्षात बरे वाटते ते चालणे थांबल्यामुळे. नुसता आडवे पडून काढलेला ई. सी. जी. नॉर्मल आला म्हणून परत येऊ नका. चालताना होणारा त्रास तपासण्यासाठी आणखी तपासण्या लागतील, त्या कोणत्या हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. तोवर वडिलांना जिने चढू देऊ नका, जेवणानंतरचे फिरणे बंद ठेवा. बसलेले असताना दाटून आले, घाम फुटला किंवा दुखणे पंधरा मिनिटांहून अधिक राहिले तर ओव्याच्या डबीकडे न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हृदयाचे काही नाही असे ठरले तर पित्ताशयातील खडे आणि जठरातील व्रण यांसाठी तपास करता येईल. ते गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. रात्रीची डाळ त्यांना देत राहा.